अंगाला फॅट किती लागली?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर या भागात दूध म्हणजे घरातला रोजचा पैसा. सकाळी संकलन केंद्रावर कॅन उतरला की आधी माप होते, मग वाटीभर नमुना मशीनला लावतात आणि पावतीवर आकडे उमटतात: लिटर किती, फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) किती. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो; त्याखाली गेले की कपात. त्यामुळे दोन कॅन मापाला सारखे भरले तरी आतला माल सारखा नसतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते.

माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. साठ किलोची दोन माणसे शेजारी उभी केली, तर एकाच्या अंगात चरबी दहा किलो असेल, दुसऱ्याच्या वीस. हा फरक घरच्या घरी सांगतो म्हणणारा काचेचा चौकोनी काटा आता बीड, अंबाजोगाई, परळीच्या घरांतून दिसू लागला आहे. त्यावर अनवाणी उभे राहिले की वजन काट्यावर दिसते आणि मोबाइलवर दहा-बारा आकडे येतात: चरबीचे टक्के, स्नायू, पाणी, हाडे, पोटातली चरबी, शिवाय 'शरीराचे वय'. यातले मोजलेले किती आणि अंदाजाने काढलेले किती, आणि ज्या अंगांवरून हा अंदाज बसवला त्यांच्याशी बीड जिल्ह्यातल्या अंगांचा मेळ कितपत बसतो, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो. काटा दोनच गोष्टी मोजतो, वजन आणि विजेला होणारा विरोध. बाकी सगळे आकडे हिशेबाचे आहेत, आणि तो हिशेब बसवताना आपल्याकडची माणसे समोर नव्हती.

वजनाचा भाग सरळ आहे. काट्याच्या चार पायांत धातूच्या चार छोट्या पट्ट्या असतात. भार पडला की त्या केसाएवढ्या वाकतात, त्यांवर चिकटवलेल्या तारेचा विरोध बदलतो आणि त्यावरून किलो निघतात. स्वस्त काट्यातही हे काम चांगले होते, अट एकच: चारही पाय टेकले पाहिजेत. आपल्याकडच्या जुन्या शहाबादी फरशीला सांधे असतात, सारवलेली जमीन मऊ असते, आणि सतरंजीवर काटा ठेवला तर आकडा भलताच येतो. घरातली एक सपाट जागा ठरवून टाकावी आणि काटा तिथून हलवू नये.

विरोधाचा भाग समजायला थोडा वेळ द्यावा लागतो. काचेवरच्या चकचकीत पट्ट्यांतून एका पायातून दुसऱ्या पायात अगदी क्षीण प्रवाह सोडतात, साधारण ५० किलोहर्ट्झ वारंवारतेचा आणि एक मिलिअँपिअरपेक्षा कमी. तो जाणवत नाही. (हृदयात पेसमेकर असलेल्याने मात्र या काट्यावर उभे राहू नये.) पाणी आणि त्यातले क्षार वीज वाहून नेतात, चरबी जवळजवळ नेत नाही. स्नायूत पाणी भरपूर; चरबी सोडून उरलेल्या देहाच्या वजनात साधारण ७३ टक्के पाणी धरतात. मग तर्क असा: विरोध कमी म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे स्नायू जास्त, आणि वजनातून हे सगळे वजा केले की उरली ती चरबी. उंचीचा वर्ग भागिले विरोध हा आकडा शरीरातल्या एकूण पाण्याशी घट्ट जुळतो, हे हॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवले. पुढची सारी यंत्रे त्याच पायावर उभी आहेत. जपानच्या तनिता कंपनीने १९९२ साली ही कल्पना उभे राहायच्या काट्यात बसवली.

या तर्कात चरबी कुठेच मोजली जात नाही, ती उरते. दूध केंद्रावर नमुना दुधाचाच घेतात. शंका आली तर गर्बर पद्धतीने, म्हणजे आम्ल घालून आणि फिरवून, फॅट डोळ्यांसमोर वेगळी काढून दाखवता येते. अंगाची अशी पडताळणी घरी होत नाही. ती करायची तर डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी लागते, किंवा पाण्याखाली वजन करण्याची जुनी पद्धत. चरबीची घनता साधारण ०.९ आणि उरलेल्या देहाची १.१, म्हणून चरबी तरंगते आणि स्नायू बुडतो. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे अंगानेच कळलेले असते. हडकुळे पोर श्वास सोडला की तळाला जाते, गुबगुबीत पोर वर राहते.

आता हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. घरच्या काट्यांची सूत्रे कंपन्या सांगत नाहीत, पण त्याच घडणीचे एक प्रसिद्ध सूत्र २००१ साली जिनिव्हात तयार झाले. ते हातापासून पायापर्यंत तारा लावून करायच्या तपासणीचे आहे. त्यात उंचीचा वर्ग भागिले विरोध याला ०.५१८ ने गुणतात, वजनाला ०.२३१ ने, विरोधाचाच एक दुय्यम भाग असतो त्याला ०.१३० ने, पुरुष असेल तर ४.२२९ मिळवतात आणि शेवटी ४.१०४ वजा करतात. येते ते चरबीविरहित वजन. समजा १७० सेंमी उंचीचा, ६५ किलोचा पुरुष आहे. विरोध ५०० ओहम, दुय्यम भाग ५०. उत्तर येते ५१.६ किलो, म्हणजे चरबी १३.४ किलो, २०.६ टक्के.

आता याच माणसाने काट्यावर चढण्याआधी लिटरभर पाणी प्यायले असे धरा. पोटातले पाणी लगेच विरोध बदलत नाही, वजन मात्र ६६ होते. सूत्र त्या एका किलोतले पाव किलोसुद्धा नीट स्नायूत धरत नाही, उरलेले पाऊण किलोहून जास्त चरबीच्या खात्यात टाकते. चरबी १४.२ किलो, २१.५ टक्के. तांब्याभर पाण्याने माणूस पाऊण किलो 'जाड' झाला! उलट पाय घामेजले आणि विरोध ५०० चा ४८० झाला, तर सव्वा किलो चरबी कागदावरून नाहीशी होते, १८.७ टक्के उरतात. उंची दोन सेंमी जास्त सांगितली तर चरबी पाऊण किलोने उतरते. आपल्याकडे उंची नीट मोजून ठेवणारे किती जण असतात? भरतीला गेलेली पोरे सोडली तर बाकीचे अंदाजानेच सांगतात आणि ऐटीत दोन बोटे वाढवून सांगतात. काट्याचे ॲप ती दोन बोटे स्नायू म्हणून परत करते.

एक प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा. सकाळी वजन करा. मग ॲपमध्ये जाऊन वय वीस वर्षांनी वाढवा आणि पुन्हा उभे राहा. बऱ्याच काट्यांत चरबीचा आकडा हलतो. अंगात काही बदल झाला नाही, बदलला तो अंदाज. या वयाच्या माणसात सरासरी इतकी चरबी असते असे सूत्राला शिकवलेले असते, आणि ते तुम्हाला त्या सरासरीकडे ओढते. पुष्कळ काट्यांत हा हिशेब ॲपमध्येच होतो. तसे असेल तर ॲप बदलले की आकडे उडी मारू शकतात. अशा उडीवरून घाबरून उपास धरू नये.

मग ही सरासरी कुणाची, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. जिनिव्हाचे सूत्र २२ ते ९४ वयाच्या ३४३ निरोगी गोऱ्या स्त्रीपुरुषांवर बसवलेले आहे. त्यांची अंगे आणि आपली अंगे यांत काय फरक आहे याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघेही डॉक्टर, दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. डेक्सावर मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजन-उंचीचा निकष दोघांना एकाच ओळीत बसवत होता. आतला माल दुपटीहून वेगळा होता.

हा फरक जन्मापासूनच असतो, हेही पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून दिसले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपले बाळ सगळ्याच बाबतींत लहान होते, पण सारख्या प्रमाणात नाही. स्नायू आणि पोटातले अवयव फार कमी भरले, पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे. याज्ञिकांनी त्याला 'थिन-फॅट' म्हटले आणि मधुमेह आपल्याकडे सडपातळ माणसालाही का गाठतो याचा एक मोठा धागा हाती आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांत मधुमेह ११.४ टक्के आढळला आणि पोट सुटलेल्यांचे प्रमाण ३९.५ टक्के.

बीड जिल्ह्यात हे चित्र घरोघरी दिसते. बापाने आयुष्य कोरडवाहू शेतीत किंवा उसाच्या फडात काढलेले, मुलगा शहरात दुकान सांभाळतो नाहीतर गाडी चालवतो. मुलाचे वजन ६३ किलो, हातपाय काटकुळे, शर्टाच्या खाली गोल पोट. 'मी कुठं जाडंय?' असे तो म्हणतो आणि वजनाचा काटा त्याच्याच बाजूने साक्ष देतो. स्मार्ट काट्याने इथे खरे सांगायला हवे. पण तो एका पायातून दुसऱ्या पायात वीज सोडतो. प्रवाह मांड्यांतून आणि ओटीपोटातून जातो, वरचे पोट आणि छाती बहुतांशी बाजूला राहते. जिथे या मुलाची चरबी साठली आहे तिथे काटा फारसा पोचत नाही, सूत्राने अंदाज करतो. त्यात सूत्र परक्या अंगांवरचे असेल तर चरबी कमी भरण्याचा संभवच जास्त. आशियाई लोकांत त्याच बीएमआयला युरोपीय माणसापेक्षा तीन ते पाच टक्के जास्त चरबी असते, म्हणून भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. 'नॉर्मल' अशी हिरवी पट्टी दाखवताना ॲप कुठली रेघ वापरते हे एकदा तपासून घ्यावे.

दुसऱ्या टोकाची अंगे मी घरातच पाहिली. माझी आत्या धारूरकडची, ऊसतोडीला जाते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्चअखेर गावी येते. पाच महिने नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटे फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. एका वर्षी आली तेव्हा मी नवा काटा घेतला होता. ती काचेवर उभी राहिली. वजन आले ४१.३, पण मोबाइलवर बाकी सगळ्या जागी नुसत्या रेघा.

"काय म्हणतंय रं तुझं मशीन?"

"वजन कळलं आत्या, बाकीचं कळंना."

तिने पाय उचलून तळवा दाखवला. टाचेच्या भेगा बोटाचे पेर जाईल एवढ्या, त्यांत काळी माती, चवड्याखाली कातडी वहाणेच्या तळासारखी कडक. तिथून वीज जाणार कशी? कोरडी, जाड कातडी स्वतःच मोठा विरोध करते. घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिने अर्धा तास पाय भिजवले, पुसून पुन्हा उभी राहिली, तेव्हा आकडे आले. म्हणाली, "कारखान्याचा काटा उसाचं वजन करतो. माझं आज पैल्यांदा केलं."

आलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला नाही. तिच्यासारख्या अंगाबाबत सूत्राची गृहीतके एकापाठोपाठ एक ढासळतात. ७३ टक्के पाण्याचे गृहीतक नीट खाल्ल्या-प्यायलेल्या माणसाचे आहे. उन्हात पाणी कमी पडलेल्या अंगात विरोध वाढतो आणि काटा स्नायू कमी, चरबी जास्त सांगतो. याउलट गरम झालेल्या त्वचेत रक्त जास्त फिरते, विरोध घटतो आणि चरबी कमी दिसते. एप्रिलच्या दुपारी या दोन्ही गोष्टी एकाच अंगात चाललेल्या असतात, त्यामुळे कोणती चूक वरचढ ठरेल ते सांगता येत नाही. दिवसभर उभे राहिल्याने संध्याकाळी पायांत पाणी उतरते. पायांतूनच वीज जात असल्याने तेव्हाचा आकडा पुन्हा वेगळा. आणि रक्त कमी आहे का, हे तर या काट्याला कळण्याचा मार्गच नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले.

हाडांच्या आकड्याबद्दल मला विशेष काळजी वाटते. २०१९ साली बीड जिल्ह्यात झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले तर पाळी थांबल्यानंतर होणारे सगळे बदल तरुणपणीच सुरू होतात, आणि अंडाशय ठेवले तरी ते काहींच्या बाबतीत लवकर थकतात. त्यात हाडांची झीज येते, चरबी पोटाकडे सरकते. अशी चाळिशीची बाई काट्यावर उभी राहिली आणि मोबाइलने 'हाडे २.१ किलो, उत्तम' असे सांगितले, तर तो आकडा कुठून आला? काट्याने हाड पाहिलेलेच नाही. चरबीविरहित वजनाचा ठरावीक हिस्सा हाडांचा असा हिशेब करून तो छापलेला असतो. तिची हाडे पोखरली तरी हा आकडा जवळपास तसाच राहील. ज्या बाईचे गर्भाशय कमी वयात काढले आहे तिने काट्याच्या हाडांच्या आकड्याकडे अजिबात पाहू नये. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची चिठ्ठी दाखवून हाडांच्या तपासणीबद्दल विचारावे.

इतके ऐकून काटा अडगळीत टाकावा असे वाटेल, पण तसे नाही. लॅक्टोमीटरची डिग्री दुधाच्या तापमानाने बदलते हे माहीत असलेला केंद्रचालक लॅक्टोमीटर फेकून देत नाही, तापमान सांभाळतो. काट्याचेही तेच. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी-चहा घेण्याआधी, त्याच जागी, त्याच कपड्यांत, धुऊन पुसलेल्या किंचित ओलसर पायांनी उभे राहायचे. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी धरते, ते आकडे बाजूला ठेवायचे. गरोदरपणात चरबीचा आकडा बघायचाच नाही. एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवसाशी ताडायचा नाही. आठवड्याची सरासरी काढून महिन्या-महिन्याला ताडायची. सूत्र परके असले तरी ते दर वेळी तेच असते, त्यामुळे चूक बरीचशी त्याच बाजूला होते आणि कल मात्र दिसतो. चरबी २४ टक्के की २८, यावर भांडण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांत ती त्याच काट्यावर सतत उतरत असेल आणि वजनही तसे हलत असेल, तर काहीतरी खरोखर घडते आहे.

नुसत्या वजनाचा एक उपयोग तर या सगळ्या टक्केवारीपेक्षा मोठा आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, अंगात साठलेले पाणी असते. त्या दिवशी डॉक्टरांकडे जायचे, पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही.

काट्याशेजारी दोन गोष्टी ठेवाव्यात, दोन्ही जवळजवळ फुकट. पहिली शिंप्याची टेप. उभे राहून, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजायचा. पुरुषाला ९० सेंमी, बाईला ८० ही आपल्याकडची मर्यादा. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढा दोरा घ्यावा आणि दुमडून अर्धा करावा. तो पोटाभोवती पुरला पाहिजे. पोट कुठे चालले आहे हे जुन्या माणसांना करदोटाही सांगायचा. तो सैल करून बांधावा लागला की घरात बोलणे व्हायचे. वर ज्या मुलाचे वर्णन केले त्याचा दोरा पुरत नाही, आणि स्मार्ट काट्याच्या हिरव्या पट्टीपेक्षा हा न पुरणारा दोरा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

दुसरी गोष्ट स्नायूसाठी, विशेषतः साठीच्या पुढच्यांसाठी. खुर्चीवर बसून हात छातीशी घडी घालायचे आणि पाच वेळा उठबस करायची. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी होते आहे. आणि जपानमध्ये वापरतात ती युक्ती: दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडे करायचे, ते स्वतःच्या पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायचे. बोटे जुळत नसतील तर पोटरी भरलेली. कडे सैल बसून फट राहिली तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची.

आत्याचे कडे त्या मार्चमध्ये सैल बसले होते. बोट सहज आत जात होते. गावी राहिली तेवढ्या महिन्यांत तिने रोज दोन अंडी आणि वाटीभर मटकी खाल्ली. तिच्या घरची एक गाय सकाळ-संध्याकाळ दूध देते. त्यातले अर्धा लिटर केंद्रावर न घालता घरात ठेवायचे, यावर मामांशी, म्हणजे नवऱ्याशी, तिची थोडी बोलाचाली झाली आणि तीच जिंकली. काट्यावर चरबीचे आकडे वरखाली होत राहिले, ते मी लिहूनही घेतले नाहीत. वजन ऑगस्टमध्ये ४३.६ झाले. दसऱ्याआधी मुकादमाचा निरोप आला, त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तिने आपणहून पाय पुढे केला आणि पोटरीभोवती बोटे धरली. ती जुळली, पण फट राहिली नाही.